ग्लॅनलीम हाउस, व्हॅलेंशिया बेट: कामाच्या नोंदी

4 मे

विषय पक्का झाला. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून जेमतेम सुटलेलं व्हॅलेंशिया नावाचं बेट आहे. लांबी साधारण 11 किलोमीटर, रुंदी तीन. तिथल्या ग्लॅनलीम हाउस या जुन्या घराचा इतिहास दिवाळी अंकासाठी लिहायचा आहे. सोबत जोडपानाचा नकाशा आणि खाली कालपट. नकाशा माझी मैत्रीण काढणार, मजकूर माझा.

आयर्लंडमध्ये बघायला मोठी, देखणी जमीनदारी घरं पुष्कळ आहेत. तरी हेच घेतलं, कारण या घराच्या मालकांनी घेतलेल्या निर्णयांचे धागे फार लांबवर गेले. लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीत, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, हवामानाच्या रोजच्या बातमीत आणि आडवळणाने 1858 सालच्या हिंदुस्थानातही. या लेखात घराच्या खोल्या मोजायच्या नाहीत. घरातून काय काय बाहेर गेलं, ते लिहायचं.

10 मे

मालकांचा आराखडा तयार केला.

फिट्झजेराल्ड घराण्यात तीन पिढीजात 'नाईट' होते: व्हाइट नाईट, नाईट ऑफ ग्लिन आणि नाईट ऑफ केरी. हे किताब इंग्लंडच्या राजाने दिलेल्या नेहमीच्या किताबांसारखे नाहीत, त्या मानाने पुष्कळ जुने आणि थेट वंशाने चालत आलेले. व्हॅलेंशिया नाईट ऑफ केरीकडे होतं.

ग्लॅनलीमची इमारत आधी राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात इथे जवसाच्या धाग्याच्या कापडाची, म्हणजे लिननची गिरणी उभी राहिली. पुढे तिचं राहतं घर झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उंच टेकडीवर दिमाखाने बांधलेला वाडा आणि धंदा न चालल्यावर घर झालेली गिरणी यांचा स्वभावच वेगळा असतो. या घराच्या पायातच 'बेटावर काहीतरी उद्योग निघाला पाहिजे' ही खटपट आहे, आणि पुढच्या दोन पिढ्यांत तीच पुन्हा पुन्हा दिसते.

18 वा नाईट मॉरिस फिट्झजेराल्ड (1774–1849) हा राजकारणी माणूस. 1795 पासून 1831 पर्यंत केरीचा खासदार. आयर्लंड आणि ब्रिटनच्या पार्लमेंट एक करण्याच्या बाजूने तो उभा राहिला, पण कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत यासाठीही बोलत राहिला. 1831 मध्ये केरीची ती जागा कॅथलिकांच्या लढ्याचा पुढारी डॅनियल ओ'कॉनेलकडे गेली. ओ'कॉनेलचा जन्म समोरच्याच किनाऱ्यावर, काहरसिव्हीन गावाजवळचा. एका अरुंद खाडीच्या अलीकडे-पलीकडे आयर्लंडच्या राजकारणाचे दोन काळ राहत होते. हे वाक्य लेखात ठेवायचं.

मॉरिसचा मुलगा पीटर (1808–1880), 19 वा नाईट. आपल्या लेखाचा मुख्य माणूस हाच.

18 मे

कागदपत्रांचा दिवस. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीचा केरीचा सहा इंची सर्वेक्षण नकाशा पडद्यावर मोठा करून बघितला की घर, त्याच्याभोवतीची झाडी, किनाऱ्याकडे उतरणारी वाट, सगळं ओळखता येतं. मैत्रिणीला तोच पाया म्हणून दिला.

त्यानंतरची ग्रिफिथची मूल्यांकन यादी. कराच्या आकारणीसाठी केलेली. प्रत्येक तुकड्यावर कोण राहतो, जमीन कुणाकडून घेतली आहे, घराची आणि जमिनीची किंमत किती, एवढंच त्यात असतं. कुटुंबप्रमुखाचं नाव येतं. बायका, मुलं, गडीमाणसं येत नाहीत. मालकाच्या रकान्यात तेच एक नाव ओळीने उतरत जातं.

बेटावरच्या सामान्य माणसांचा शोध घ्यायचा तर जनगणना लागते आणि तिथे मोठी पोकळी आहे. 1821 ते 1851 पर्यंतच्या आयरिश जनगणनेचे बहुतेक सगळे कागद डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागारात होते. यादवी युद्धाच्या सुरुवातीला, 30 जून 1922 रोजी, ती इमारत स्फोटात आणि आगीत गेली. 1861 ते 1891 पर्यंतचे कागद सरकारनेच त्याआधी नष्ट केले होते. म्हणजे ग्लॅनलीमच्या भरभराटीच्या काळात या घरात भांडी घासणारी, घोडे बघणारी, बागेत खड्डे खणणारी माणसं कोण होती, हे सांगणारे कागद जळाले किंवा लगदा झाले. पत्रव्यवहार राहिला तो जमीनदारांचा. लेखात या पोकळीला स्वतंत्र परिच्छेद देणार. तो दिला नाही तर वाचकाला वाटेल की बेटावर फक्त नाईटच राहत होता.

26 मे

पाटीचा दगड, म्हणजे स्लेट. 1816 मध्ये बेटाच्या उत्तर बाजूला खाण सुरू झाली. व्हॅलेंशियाचा दगड छपराच्या पातळ कौलांसाठी ओळखला जात नाही. तो मोठ्या, जाड फरशांसाठी नावाजलेला. खाणीतून निघालेले ठोकळे नाइट्सटाउनच्या बंदरावर आणून करवतीने कापले जात आणि जहाजात चढत. वेस्टमिन्स्टरचं पार्लमेंट आणि पॅरिसचं ऑपेरागृह या दोन्ही ठिकाणी हा दगड गेला. बिलियर्डच्या टेबलांचा पृष्ठभाग म्हणूनही त्याला मागणी होती, कारण तो एकदा सपाट केला की सपाटच राहतो.

नाइट्सटाउन गावाचा आराखडा स्कॉटिश अभियंता अलेक्झांडर निमो याने 1830 च्या सुमारास केला. 1832 मध्ये तो वारला. गाव प्रत्यक्षात नंतर उभं राहिलं. आजही त्याचे सरळ रस्ते बघितले की हे गाव आधी कागदावर वसलं, हे लगेच लक्षात येतं.

खाणीचा कारभार बघणारा अभियंता ब्यूइक ब्लॅकबर्न. त्याची मुलगी हेलन ब्लॅकबर्न 1842 मध्ये नाइट्सटाउनमध्ये जन्मली. पुढे इंग्लंडमधल्या स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत तिने आयुष्य घातलं, संस्थांच्या चिटणीसपदाचं किचकट काम वर्षानुवर्षं केलं आणि त्या चळवळीचा इतिहासही लिहून ठेवला. 1903 मध्ये ती गेली. ब्रिटनमध्ये बायकांना मतदानाचा पहिला हक्क मिळाला 1918 मध्ये.

कालपटात 1842 ला हेलनचं नाव ठळक अक्षरांत. मैत्रिणीने विचारलं, "अगं, पण ती त्या घरातली कुठे?" घरातली नाहीच. पण खाण नसती तर तिचे वडील या बेटावर आले नसते.

खाण 1911 मध्ये दरड कोसळल्यावर बंद पडली. अलीकडच्या काळात पुन्हा चालू झाली आहे.

8 जून

बाग. इथे मी मुद्दाम जास्त वेळ घालवला.

ग्लॅनलीम बेटाच्या ईशान्य बाजूला, बंदराकडे उतरणाऱ्या एका खोलगट उतारावर आहे. अटलांटिकचा खारा, झोंबणारा वारा येतो नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. पाठीमागे बेटाची टेकडी, 266 मीटर उंचीचा जिओकान, तो वारा अडवते. त्यात उत्तर अटलांटिक प्रवाहाचं कोमट पाणी किनाऱ्याशी, त्यामुळे दव गोठवणारी थंडी क्वचितच पडते. पाऊस बारा महिने. आपल्याकडे कोकणात याहून दुप्पट पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत येऊन जातो. इथे मातीला कोरडं होण्याची उसंतच नसते.

हे ओळखून पीटर फिट्झजेराल्डने दक्षिण गोलार्धातली झाडं आणून लावली. ऑस्ट्रेलियाचे वृक्षनेचे, ज्यांना खोड असतं आणि जे माणसाच्या डोक्यावर पिसारा धरतात. चिलीची मर्टल. हे झाड आपल्या जांभळाच्याच कुळातलं. साल दालचिनीच्या रंगाची, पेरूच्या सालीसारखी ढलप्यांनी सुटणारी, फळ काळं, खाण्याजोगं. परदेशी झाडं बागेत जगवणं एक, पण ग्लॅनलीममध्ये ही झाडं आपसूक रुजू लागली, नेचेही आणि मर्टलही. पानांना पिवळसर कडा असलेली मर्टलची एक जात याच बागेत निपजली. 'ग्लॅनलीम गोल्ड' या नावाने ती आज रोपवाटिकांत मिळते. घर कधी न पाहिलेल्या असंख्य लोकांच्या अंगणात त्याचं नाव असं पोचलं आहे.

आता जे लिहिणं टाळता येणार नाही ते. ही बाग 1830 च्या दशकापासून वाढत गेली. 1845 मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षं आयर्लंडमध्ये महादुष्काळ पडला. देशभरात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. पश्चिमेच्या किनाऱ्याला, जिथे बटाट्याखेरीज पोटाला दुसरं फारसं नव्हतं, सर्वांत मोठा फटका बसला. व्हॅलेंशियाला निदान खाण आणि मासेमारी होती. तरीही कालपटावर बागेची रेघ आणि दुष्काळाची रेघ एकाखाली एक याव्यात, असा माझा आग्रह आहे. मैत्रिणीला वाटत होतं, बागेच्या पानाची शोभा जाईल. मला वाटतं, बागेचं पान त्याशिवाय खोटं होईल. शेवटी तिने दोन्ही रेघा सारख्याच जाडीच्या काढल्या आणि पान चांगलं दिसतंय.

22 जून

समुद्राखालची तार. याच्यासाठी जोडपानाचा अर्धा भाग राखलाय.

युरोप आणि अमेरिका यांच्यात तार टाकायची तर दोन्ही बाजूंची जवळात जवळची टोकं हवीत. पश्चिमेला न्यूफाउंडलंड, पूर्वेला आयर्लंडचा नैर्ऋत्य किनारा. पीटर फिट्झजेराल्डने ही संधी हेरली आणि व्हॅलेंशियासाठी जोर लावला.

1857 चा पहिला प्रयत्न बेटासमोरच्या मुख्य भूमीवरच्या बॅलीकार्बरीच्या पुळणीवरून झाला. तार समुद्रात तुटली. 1858 मध्ये 'अगॅमेम्नॉन' जहाजाने 5 ऑगस्टला तारेचं टोक व्हॅलेंशियाला आणलं, त्याच सुमारास 'नायगारा' जहाज पलीकडे न्यूफाउंडलंडला पोचलं. 16 ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना संदेश गेला. 98 शब्दांचा तो संदेश पोचायला सुमारे 16 तास लागले. अमेरिकेत दारूकाम, मिरवणुका. पण तार तीन-एक आठवड्यांतच निकामी झाली. तिचं आवरण सदोष होतंच, त्यात कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने फार उच्च दाबाचा प्रवाह सोडला. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) सांगत होता की उलट करा, प्रवाह क्षीण ठेवा आणि दुसऱ्या टोकाला तो टिपणारं नाजूक यंत्र वापरा. त्याच्या यंत्रातला बारीक आरसा प्रवाहाबरोबर किंचित हलतो आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवर डावीकडे-उजवीकडे सरकतो. तो ठिपका बघत अक्षरं लिहून घ्यायची. पुढे वर्षानुवर्षं अटलांटिकपलीकडची बातमी अशी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाच्या ठिपक्यातून वाचली गेली.

1865 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' आलं. अभियंता ब्रुनेलने बांधलेलं, त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं जहाज. संपूर्ण तार एकट्याने वाहून नेऊ शकेल असं तेवढंच. या वेळी टोक बेटाच्या पश्चिमेला, फॉइलहॉमरमच्या कड्याखाली होतं. 2 ऑगस्टला तार तुटून तळाशी गेली. पुढच्या वर्षी, 13 जुलै 1866 ला ते पुन्हा निघालं आणि 27 जुलैला न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंट गावी तार किनाऱ्याला लागली. मग परत जाऊन त्यांनी खोल समुद्राच्या तळातून आदल्या वर्षीची तुटकी तार गळ टाकून वर काढली, जोडली आणि तीही पुरी केली. माझ्या लेखी त्या शतकातलं सर्वांत चिवट काम हेच.

सुरुवातीचा दर वीस शब्दांना 20 पौंड. म्हणजे ज्या बेटावर तार उतरली तिथल्या मजुराने तिचा उपयोग करण्याचा प्रश्नच नव्हता.

चित्रांसाठी रॉबर्ट डडलीची जलरंगचित्रं वापरायची. तो 1865–66 च्या मोहिमेबरोबर होता. त्याची चित्रं आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. फॉइलहॉमरमचा कडा, तारघराचे लाकडी खोपटे, खाली समुद्र, सगळं त्याने तिथे असताना टिपलं आहे.

29 जून

चौकट क्र. 2 चा मजकूर आज लिहिला. 1858 ची तार जिवंत होती त्या थोड्या दिवसांत ब्रिटिश सरकारने तिच्यातून कॅनडाला हुकूम पाठवले. तिथल्या 62 व्या आणि 39 व्या पलटणीला परत बोलावलं होतं, ते रद्द, आता येऊ नका. 1857 च्या उठावामुळे हिंदुस्थानात कुमक धाडण्याची जी घाई होती ती सरली होती. पलटणी हलवण्याचा खर्च, सुमारे 50,000 पौंड, वाचला. तार टाकणाऱ्यांनी पुढे भांडवल गोळा करताना या हुकुमांचा दाखला वारंवार दिला.

मराठी वाचकाने इथे थांबावं असं वाटतं. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर इथे त्याच वर्षी जे घडत होतं, त्याचा हिशेब व्हॅलेंशियाहून जाणाऱ्या तारेत रुपये-आणे-पैंप्रमाणे मांडला गेला होता.

6 जुलै

हवामानाची आणि रेखांशाची चौकट, छोटीच.

8 ऑक्टोबर 1860 पासून व्हॅलेंशियाहून हवामानाची नोंद तारेने लंडनला जाऊ लागली. वादळं पश्चिमेकडून येतात, त्यामुळे सर्वांत पश्चिमेच्या ठाण्याची खबर सर्वांत मोलाची. 1868 च्या सुमारास बेटावर रीतसर वेधशाळा झाली, तीही नाईटच्या मालकीच्या घरात भाड्याने. 1892 मध्ये ती समोर काहरसिव्हीनला हलली. नाव मात्र आजही व्हॅलेंशिया वेधशाळा.

1844 मध्ये ग्रिनिचचा शाही खगोलशास्त्रज्ञ एअरी याने अचूक घड्याळं पुन्हा पुन्हा इथवर पाठवून बेटाचा रेखांश काढला. पुढे 52 अक्षांशावर युरोप मोजताना पश्चिमेचं टोक व्हॅलेंशिया आणि पूर्वेचं रशियातलं ओर्स्क.

20 जुलै

बेटावर जाऊन आले. रीनार्ड पॉइंटवरून गाड्यांची फेरी पाच-दहा मिनिटांत नाइट्सटाउनला पोचवते. दुसरीकडून पोर्टमगीचा पूल आहे, 1970 साली बांधलेला. घर खासगी आहे, त्यामुळे आत जाण्याचा विषय नव्हता. क्रॉमवेल पॉइंटच्या दीपगृहाकडे जाणारा रस्ता त्याच्या बाजूने जातो, तेवढं पुरलं. रस्त्यावरून घरापेक्षा झाडीच जास्त दिसते. दोन्ही बाजूंना फ्युशियाची लालभडक कुंपणं.

दीपगृह 1841 चं, एका जुन्या किल्ल्याच्या जागेवर. ते व्हावं म्हणून 1828 पासून अर्ज करत होता तो 18 वा नाईट.

तिथून किनाऱ्याने पुढे खाली खडकावर चार पायांच्या प्राण्याच्या पाऊलखुणा. एका स्विस भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसल्या. वय सुमारे 38 कोटी 50 लाख वर्षं. पाण्यातून जमिनीवर येऊ लागलेल्या प्राण्यांच्या जगातल्या सर्वांत जुन्या खुणांमध्ये त्या गणल्या जातात. ओळीने खळगे आहेत, मधूनमधून शेपूट घासल्यासारखी रेघ. मी खूप वेळ तिथे बसून होते. ज्या खडकात या खुणा आहेत, त्याच थरसमूहातला दगड खाणीतून निघून पार्लमेंटमध्ये गेला.

3 ऑगस्ट

1916. ईस्टर सोमवारी, 24 एप्रिलला डब्लिनमध्ये उठाव सुरू झाला, तेव्हा व्हॅलेंशियाच्या तारघरात काम करणाऱ्या टिम आणि यूजीन रिंग या भावांनी अमेरिकेतल्या आयरिश पुढाऱ्यांना तारेने खबर दिली. वरवर बघता एका घरगुती शस्त्रक्रियेची बातमी, आतून उठावाची. साम्राज्याने आपला कारभार हाकायला टाकलेली तार त्याच बेटावरच्या पोरांनी साम्राज्याविरुद्ध वापरली. चौकट क्र. 2 च्या समोरच्या पानावर ही चौकट लावली आहे. दोन्ही समोरासमोर वाचल्या जाव्यात.

10 ऑगस्ट

संपादकांचा फोन. "तुम्ही सगळं छान जमवलंय, पण जुनं घर आहे, एखादी भुताखेताची गोष्ट नाही का? वाचक थांबतो." मी नम्रपणे नाही म्हटलं. ज्या घराच्या गडीमाणसांची नावं जळून गेली, त्याच्यावर बनावट सावल्या सोडायच्या नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. उलट 18 मेच्या नोंदीतल्या कागदपत्रांच्या परिच्छेदाला आणखी जागा दिली.

17 ऑगस्ट

नकाशाच्या कडेचा प्रश्न. अटलांटिक डावीकडे, तार डावीकडे जाते, उजवी कड रिकामी. 1870 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न'नेच मुंबई ते एडन तार टाकली. हेच जहाज, हेच तंत्र, मलायातल्या झाडांच्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या चिकाचं तसंच आवरण. उन्हाच्या काहिलीत आतली तार तापू नये म्हणून जहाज पांढरं रंगवलं होतं. त्याच वर्षी मुंबई लंडनशी तारेने जोडली गेली. त्यामुळे उजव्या कडेला बाण आणि 'मुंबई, 1870' एवढंच लिहायचं.

24 ऑगस्ट

तारघर 1966 मध्ये बंद झालं. पहिल्या यशस्वी तारेला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा. 2022 मध्ये आयर्लंडने व्हॅलेंशिया आणि हार्ट्स कंटेंट ही जोडगोळी जागतिक वारशासाठीच्या आपल्या प्राथमिक यादीत घातली. आज बेटावर साडेसहाशेच्या आसपास माणसं राहतात. लेखाच्या शेवटी हे तिन्ही, जसंच्या तसं.

31 ऑगस्ट

मुद्रितशोधन झालं. 'हार्ट्स कंटेंट' दोन ठिकाणी फुटलं होतं, जोडलं. कालपटात हेलन ब्लॅकबर्न ठळक आहे, तपासलं. डडलीच्या चित्राखाली संग्रहालयाचं नाव घातलं. फॉइलहॉमरमचा ठिपका मैत्रिणीने बेटाच्या पश्चिम बाजूला नीट बसवलाय. सोमवारी सकाळी पानं छापखान्यात जातील.